आईचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, मग बाळ पॉझिटिव्ह कसं?

मराठवाड्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे: "आमच्या गावातल्या एका बाईची तिसऱ्या महिन्यात एचआयव्हीची तपासणी झाली, निगेटिव्ह आली. मग ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. मार्चमध्ये परत येऊन इथेच बाळंत झाली. बाळ आठ महिन्यांचं झालं तरी अंग धरेना, सारखा ताप, जुलाब. शेवटी तपासलं तर बाळ पॉझिटिव्ह, आई पॉझिटिव्ह आणि बापही. मी तपासणी चुकवली नव्हती. मग चूक कुठे झाली? प्रशिक्षणात सांगतात की २०३० पर्यंत एड्स संपवायचा, आणि आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही तर त्याच्याही आधी. असं होत असेल तर ते कसं जमणार?"

ताई, आधी तुमच्या मनाला लागलंय त्याबद्दल बोलते. तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही तिला वेळेत नेलंत आणि तपासणीही बरोबर झाली. त्या दिवशी ती बाई बहुधा खरोखरच निगेटिव्ह होती. एचआयव्हीचा रिपोर्ट मागच्या दिवसांबद्दल बोलतो, पुढच्या सहा महिन्यांची हमी देत नाही. अगदी ताजी लागण असेल तर ती काही आठवडे तपासणीत दिसतही नाही. तिला लागण झाली ती बहुतेक त्यानंतर. कदाचित उसाच्या फडावर असताना, पोट वाढत असताना, कदाचित बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना.

आणि नेमका हाच काळ बाळासाठी सगळ्यात धोक्याचा. विषाणू शरीरात नुकता शिरलेला असतो तेव्हा त्याला अडवणारं काहीच नसतं, रक्तातलं त्याचं प्रमाण भराभर वाढतं. ऐकायला उलटं वाटेल, पण दहा वर्षांपासून पॉझिटिव्ह असलेली आणि रोजची गोळी न चुकवणारी आई बाळासाठी पुष्कळ सुरक्षित असते. जिला आपल्याला काही झालंय हेच ठाऊक नाही, तिच्या बाळाला खरा धोका. कार्डावर 'निगेटिव्ह' लिहिलेलं असल्यामुळे सगळे निश्चिंत राहतात. बाळंतपणात पुन्हा तपासणी नाही, बाळाला जन्मल्याबरोबर औषध नाही, सहाव्या आठवड्याला तपासणीसाठी टाचेतून रक्त नाही.

मी समुपदेशक म्हणून २००३ साली कामाला लागले, आधी सांगली जिल्ह्यात, गेली काही वर्षं तुमच्याच भागात. तेव्हा आमच्या हातात काय होतं ते सांगितलं तर आजचं दुखणं नीट कळेल.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, म्हणजे नॅको, उभी राहिली. पहिली बरीच वर्षं गेली ती रक्तपेढ्यांची शिस्त, कंडोम आणि जनजागृती यांत. पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. ते काम इतकं पक्कं झालं की आज आपण त्याची आठवणही काढत नाही.

गरोदर स्त्रियांसाठी मात्र २००२ च्या सुमाराला आमच्याकडे एकच हत्यार होतं, नेव्हिरापिन. कळा सुरू झाल्या की आईने एक गोळी घ्यायची आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच औषधाचे काही थेंब द्यायचे. बस. काहीच औषध नसेल तर पॉझिटिव्ह आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. जास्त दिवस अंगावर पाजलं तर ते वरच्या टोकाला जातं. त्या एका गोळीने धोका जवळपास निम्म्यावर यायचा. ती गोळी आम्ही आठव्या महिन्यातच बाईच्या हातात ठेवायचो, न जाणो घरीच बाळंत झाली तर. बायका ती पदराच्या गाठीत बांधून न्यायच्या. काहींनी सासूला कळेल म्हणून फेकून दिली. काहींनी पहिल्या खोट्या कळांना घेतली आणि खऱ्या कळा आठवड्याने आल्या. आणि बाळ वाचलं तरी त्या आईच्या स्वतःच्या जिवासाठी आमच्याकडे गोळ्या नव्हत्या. 'बाळासाठी औषध आहे, माझ्यासाठी नाही का?' हा प्रश्न मी पुष्कळ बायकांच्या तोंडून ऐकलाय. त्याचं उत्तर देता यायचं नाही.

१ एप्रिल २००४ ला सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा रोजच्या गोळ्यांचा उपचार, मोफत सुरू झाली. त्यासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्याआधी २००१ मध्ये आपल्याच सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित डोस वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली होती. तोवर जगात त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात खर्च यायचा. ती किंमत उतरली नसती तर मोफत एआरटी कागदावरच राहिली असती, असं मला वाटतं.

तरीही सुरुवातीला गोळ्या सगळ्यांना नव्हत्या. सीडी फोर पेशी, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशी, २०० च्या खाली गेल्या की मगच. पुढे ही मर्यादा ३५० झाली, मग ५००. म्हणजे माणूस आजारी पडेपर्यंत आम्ही त्याला थांबवून ठेवायचो, आणि तेवढे दिवस लागण पुढे जात राहायची. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी ही अट १ जानेवारी २०१४ पासून देशभर गेली. पॉझिटिव्ह निघाली की त्याच दिवसापासून रोज एक गोळी, जन्मभर, सीडी फोर कितीही असो. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा बदल कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. २८ एप्रिल २०१७ ला हा नियम सगळ्यांनाच लागू झाला: तपासा आणि लगेच उपचार सुरू करा. आता त्या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं औषध आहे. ती विषाणूला लवकर दाबते आणि पूर्वीसारखी चक्कर, भीतीदायक स्वप्नं असा त्रास फारसा होत नाही.

म्हणजे औषधाच्या बाजूने पाहिलं तर बाळाला वाचवायला जे लागतं ते सगळं आपल्या तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोचलेलं आहे, तेही फुकट. आई वेळेत गोळ्यांवर आली आणि बाळाला सहा आठवडे लागण रोखणारं सिरप मिळालं तर लागण ५ टक्क्यांच्या खाली येते. आई गरोदरपणाच्या आधीपासून नीट गोळ्या घेत असेल तर त्याहूनही पुष्कळ खाली.

मग अडतं कुठे?

आपल्या देशात वर्षाला साधारण ३ कोटी गरोदरपणं असतात. त्यांत पॉझिटिव्ह माता २० हजारांच्या आसपास. म्हणजे दीड हजार बायका तपासाव्यात तेव्हा एक सापडते. उपकेंद्रातल्या नर्सताईने बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करायची, आणि अशा शंभर शंभर तपासण्या निगेटिव्ह येऊनही पुढची तितक्याच गांभीर्याने करायची, हे सोपं नाही. वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे पॉझिटिव्ह बायका इतक्या निघायच्या की सगळे सावध असायचे. आता प्रमाण कमी झालं, तसा हातही ढिला पडला. कीट संपलं, 'पुढच्या वेळी बघू', आणि पुढची वेळ येते ती थेट बाळंतपणात. एक गोष्ट मध्येच सांगते, कारण तुमच्यातल्याही काहीजणी ती चुकीची सांगतात: ही तपासणी सक्तीची नाही. बाईला सांगायचं, समजवायचं आणि तिच्या होकारानेच करायची. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा तसं बजावतो. माझा अनुभव असा की नीट सांगितलं तर नकार देणारी बाई वर्षातून एखादीच भेटते.

दुसरी गोष्ट, आपला सगळा कार्यक्रम गावाच्या नोंदवहीवर उभा आहे आणि आपली माणसं गावात नसतात. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात बाई दुसऱ्या जिल्ह्यात जाते. इकडची आशा म्हणते ती गेली, तिकडची म्हणते ती माझ्या यादीत नाही. ऊसतोडीचं तर विचारूच नका. दिवाळीच्या आगेमागे टोळी उठते ती पाडव्यापर्यंत परतत नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे बाई गरोदर असली तरी मागे राहता येत नाही. कोपीत राहायचं, पहाटे फडावर जायचं. कारखाना सांगली, कोल्हापुरात, नाहीतर थेट कर्नाटकात. तिथल्या आरोग्य केंद्राला ही बाई माहीत नसते आणि तिला ते केंद्र. एक दिवस दवाखान्यात गेलं तर खाडा पडतो, म्हणजे डोक्यावरची उचल तेवढी वाढते. पॉझिटिव्ह असलेल्या ऊसतोड बाईला मी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळवून देते आणि जिथे जाणार त्या भागातल्या एआरटी सेंटरचा पत्ता चिठ्ठीवर लिहून देते. पण जी निगेटिव्ह म्हणून गेली, तिच्या मागे कुणीच नसतं. तुमच्या गावातली ही बाई नेमकी याच फटीतून निसटली.

तिसरी गोष्ट नवऱ्याची, आणि खरं दुखणं मला तिथेच दिसतं. आपण गरोदर बाईला पुन्हा पुन्हा बोलावतो, वजन करतो, रक्त काढतो. नवरा दवाखान्याच्या बाहेर मोटारसायकलवर बसून असतो. त्याला कुणी आत बोलावत नाही. बाईला लागण बहुतेक वेळा नवऱ्याकडूनच होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरी बाई निगेटिव्ह आली की नवऱ्याची तपासणी राहूनच जाते. त्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात, दोघांचं रक्त घेतलं असतं तर? तो तेव्हाच पॉझिटिव्ह असता तर त्याच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या आणि बायको वाचली असती, बाळही. याला पुरावा आहे. एचपीटीएन ०५२ नावाचा मोठा अभ्यास नऊ देशांत झाला, १,७६३ जोडप्यांवर. त्यांतला एक जोडीदार पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. आपल्या पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही त्यात होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला की पॉझिटिव्ह जोडीदाराला लवकर उपचार दिले तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. आज आपण त्याच्याही पुढे गेलो आहोत: रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबलेला असेल, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे वाक्य मी प्रत्येक जोडप्याला सांगते, आणि ते ऐकल्यावर माणसं ज्या नजरेने एकमेकांकडे बघतात ती विसरता येत नाही. अंगावर पाजण्याच्या बाबतीत मात्र धोका खूपच कमी होतो, अगदी शून्य म्हणता येत नाही. म्हणून तिथे बाळाची तपासणी शेवटपर्यंत करायची.

आता देशाच्या पातळीवर हेच गणित बघा. लक्ष्य आहे ९५-९५-९५: शंभर पॉझिटिव्ह माणसांतल्या ९५ जणांना आपली स्थिती माहीत हवी, त्यांतले ९५ टक्के गोळ्यांवर हवेत, आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला हवा. २०२३-२४ मध्ये भारत ८१-८८-९७ वर होता. शेवटचा आकडा पाहा, लक्ष्याच्याही वर आहे. जो गोळी घेतो त्याचा विषाणू दबतोच, औषध कुठे कमी पडत नाही. पण पहिल्यापासून गुणत आला तर शंभरांतले ६९ सुरक्षित होतात, ३१ उरतात. त्या ३१ पैकी १९ जणांना आपण पॉझिटिव्ह आहोत हेच माहीत नाही. तुमच्या गावातला तो बाप या १९ मधला.

देशात अंदाजे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात, आणि त्यांत सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. २०२३ मध्ये नव्या लागणी ६८ हजारांवर होत्या. २०१० च्या तुलनेत ही ४४ टक्क्यांची घट आहे. कमी नाही ती. पण पाचव्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने २०२५-२६ पर्यंत ८० टक्के घट ठरवली होती, आणि आईकडून बाळाला होणारी लागण व जन्मजात सिफिलिस (हा गुप्तरोगही आईकडून बाळाला जातो) संपवायचंही ठरवलं होतं. नव्या लागणींचा मोठा भाग देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे आणि त्यांचे जोडीदार यांच्यात आहे. सुईचा प्रश्न मिझोराम, नागालँड, मणिपूरकडे जास्त. सांगलीत मी हे जवळून पाहिलं: देहविक्रीच्या वस्तीतल्याच बाया पीअर, म्हणजे आपल्यासारख्याच बायकांना समजावणाऱ्या कार्यकर्त्या, म्हणून उभ्या राहिल्या, कंडोम वाटू लागल्या, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणू लागल्या, तेव्हा आकडा उतरला. बाहेरून येऊन भाषण देणाऱ्यांमुळे तो उतरला नाही. अशा कामाचा पैसा आटला की त्याचा परिणाम काही वर्षांनी गावातल्या बाळंतिणीच्या रिपोर्टवर दिसतो.

जमणार का, असं तुम्ही विचारलंत. काही देशांना जमलंय. जागतिक आरोग्य संघटनेने आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस संपवल्याचं पहिलं प्रमाणपत्र २०१५ मध्ये क्युबाला दिलं, २०१६ मध्ये थायलंडला, २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या श्रीलंकेला. थायलंडकडे बघा. त्यांच्याकडेही साथ मोठी होती. २००० साली तिथे सुमारे १,००० बाळांना लागण झाली होती, २०१५ मध्ये ८५. प्रत्येक गरोदर बाईपर्यंत पोचणारी सरकारी आरोग्यसेवा त्यांनी आधीच बांधलेली होती, त्यातच हे काम घातलं. श्रीलंकेत घरोघरी जाणारी मिडवाइफ आहे, बाई कुठल्याही भागात गेली तरी तिला गाठणारी. 'संपवणं' म्हणजे एकही बाळ नाही असं नव्हे. स्तनपान करणाऱ्या देशांसाठी अट आहे ५ टक्क्यांच्या खाली लागण आणि दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५० च्या आत बाळं. भारत त्या ५ टक्क्यांपासून अजून दूर आहे. आणि जी बाळं आज पॉझिटिव्ह निघतात, त्यांच्या आया एक तर कधी तपासल्याच गेल्या नाहीत, किंवा गोळ्या मध्येच सुटल्या, किंवा तुमच्या बाईसारखी तपासणीनंतर लागण झाली.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की तिसऱ्या महिन्यातल्या एका तपासणीवर आपण फार भार टाकलाय. गरोदरपणापासून बाळ दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत जोडप्याला धरून राहायला हवं. स्थलांतर करणाऱ्या, नवरा ट्रकवर किंवा मुंबई-पुण्याला असणाऱ्या, गुप्तरोगाची तक्रार असणाऱ्या बाईची शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा तपासणी करून घ्या. ऊसतोडीहून परत आलेल्या गरोदर बाईची तर आल्या आल्या. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही एकाच थेंबात कळणारं कीट आता आहे, आणि सिफिलिसवर तर पेनिसिलिनचं स्वस्त इंजेक्शन वेळेत दिलं की बाळ वाचतं. नवऱ्याला आत बोलवा. 'बाईची तपासणी आहे' असं म्हणू नका, 'बाळाच्या आईबापाची तपासणी आहे' म्हणा. मी गेली दहा-बारा वर्षं असंच म्हणते आणि पूर्वीपेक्षा जास्त पुरुष खुर्चीवर येऊन बसतात.

खासगी दवाखान्यांचंही बोलायला हवं. काही डॉक्टर उत्तम काम करतात, पॉझिटिव्ह निघाली की त्याच दिवशी मला फोन येतो. पण कळा देणाऱ्या बाईला रिपोर्ट बघून 'सिव्हिलला न्या' म्हणून जीपमध्ये बसवल्याचंही मी पाहिलं आहे. तीन तास लागले. त्या बाळाला सिरप उशिरा मिळालं. सुदैवाने अठराव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण त्या आईने पुढच्या वेळी आपला आजार लपवला. लपवणं असंच वाढत जातं. एचआयव्हीमुळे उपचार नाकारणं हा आता कायद्याने भेदभाव आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. असं कुणी केलं तर जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षाला कळवा, १०९७ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

आता त्या बाळाकडे येते, कारण तुमचं काम अजून बाकी आहे. एचआयव्ही असलेल्या बाळांवर उपचार झाले नाहीत तर त्यांतली निम्मी दोन वर्षांची होण्याआधी जातात. पण लगेच गोळ्या सुरू झाल्या तर चित्र पालटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासात लवकर उपचार दिलेल्या तान्ह्या बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले होते. तेव्हा थांबू नका, याच आठवड्यात तिघांनाही एआरटी सेंटरला न्या. बाळाला आता लहान मुलांसाठीची, पाण्यात विरघळणारी डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी मिळते. आईला अंगावर पाजणं एकदम तोडायला सांगू नका. बाळ पॉझिटिव्ह आहे, त्याला दूध हवंच, वरच्या अन्नाबरोबर ते चालू राहू द्या. मोठी भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्या. एसटीची सवलत आणि संजय गांधी निराधार योजनेचे कागद आमच्याकडचे कार्यकर्ते भरून देतील. आई विचारेल, 'कुणाला सांगू?' तिला सांगा, सध्या कुणालाच सांगायची गरज नाही, तिला वाटेल तेव्हा वाटेल त्याला. आणि तुमच्या घरभेटीच्या वहीत तिच्या नावासमोर लाल पेनाने काही लिहू नका. अंगणवाडीत ती वही उघडी पडलेली असते.

ऊसतोड पुन्हा सुरू व्हायच्या आत मला एकदा फोन करा. ते कुठल्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाकडून आधीच कळतं. तिथल्या सेंटरला मी आधीच कळवून ठेवीन, आणि तिघांच्याही गोळ्या त्यांच्याबरोबर जातील.